शेवटून दुसरं

बिएल्लात नदीकाठच्या बंद गिरण्यांपैकी
एकीत आता दवाखाना आहे.
दुसऱ्या मजल्यावर, जिथे कधी लोकर पिंजत,
मंगळवारी अकराला
फिओरेन्झा टेबलावर बोटं आपटते
आणि इल्दा रामेल्ला, वय एकोणऐंशी,
तिच्यामागून डावा हात आपटते.
उजवा मांडीवर,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

शब्द सोलायचे, शेंगा सोलाव्यात तसे.
ला. वो. रा. वो.
मी काम करत असे,
रोज, किती वर्षं ते न सांगता.
चार दाणे, जोर शेवटून दुसऱ्यावर:
ला-वो-राऽ-वो.
तू: ला-वो-राऽ-वी.
ती: ला-वो-राऽ-वा.
तिघांतही तो जागचा हलत नाही.

फेब्रुवारीत, कॉफी डब्यात भरताना
इल्दाच्या मेंदूत एक शीर तुंबली.
त्या झटक्याला आणि अक्षरावरच्या या जोराला
मी लिहितोय त्या भाषेत एकच शब्द आहे: आघात.
फिओरेन्झाला हे ठाऊक नाही.
तिच्याकडे दोन शब्द आहेत,
एकमेकांपासून लांब राहणारे.

अडतं ते 'आम्ही'पाशी.
तिथे जोर एक घर पुढे सरकतो:
ला-वो-रा-वाऽ-मो.
माणसं वाढली, शेपूट लांबलं,
आणि त्याला तर शेवटून दुसरीच जागा हवी,
मग चालत जावं लागतं.
इल्दा जुन्याच अक्षरावर बसून राहते.
ला-वो-राऽ
आणि थांबते.
पुन्हा. राऽ. पुन्हा.
'मी'मधून 'आम्ही'त जायची
एवढीशी पायरी चढवत नाही.
नवरा एवाझिओ रंगखात्यात होता,
जाऊन सतरा वर्षं झाली,
एवढं कागदपत्रांत आहे.

'ते' सोपं असावं असं वाटतं. नसतं.
ला-वो-राऽ-वा-नो:
जोर परत मागे, जुन्या जागी,
आणि पुढची दोन अक्षरं उतारावर.
अशा शब्दांना इथे शाळेतच 'घसरडे' म्हणतात.
बाहेरून आलेले हमखास पडतात तिथे,
ला-वो-रा-वाऽ-नो म्हणतात,
खालचा सेनेगलचा रखवालदार तर रोजच,
आणि तरी सगळ्यांना सगळं कळतं.

इल्दा पडत नाही. बोलतच नाही.
फिओरेन्झाच्या तोंडाकडे बघते फक्त.
सहाव्या मंगळवारी कुठे फिओरेन्झाच्या ध्यानात येतं,
ही ऐकत नाहीये.
वाचते आहे.

मागांच्या खडखडाटात बायका
आवाज न काढता बोलत.
पंधरा हात लांबून, नुसत्या ओठांवर:
कुणाचं लग्न मोडलं, कुणाला दिवस गेले,
मुकादम येतोय.
धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि वरून ही बिनआवाजाची वर्दळ.
जोर कुठे पडला ते जबड्यावरून कळे.

मग फिओरेन्झाही आवाज काढून टाकते.
फक्त तोंड.
ला, वो, रा...
आणि इल्दाचा जबडा, उजवीकडे जरा ओघळलेला,
एक घर पुढे जाऊन
उघडतो.
मग ओठ ओठांना टेकतात,
आणि शेवटचा 'ओ', गोल, थोडा वाकडा.

काही ऐकू येत नाही.
खाली कुणीतरी गाडी मागे घेतंय.
फिओरेन्झा वहीत लिहिते:
प्रथम पुरुष, अनेकवचन, बरोबर. आवाज नाही.
मग 'आवाज नाही' खोडते.
मग पुन्हा लिहिते.

इल्दा डाव्या हाताने टेबलावर
पाच वेळा आपटते, चौथ्याला जोरात,
कपातला चमचा वाजेल इतक्या,
आणि बोट खिडकीकडे करते, नदीपलीकडे,
जिथे दुसरी गिरणी आहे, छप्पर नसलेली.
आम्ही.
करत असू.