कुळाचा रकाना

रिवणच्या कुळागरात
माडाच्या कुजक्या सोडणांखाली
पुर्सो वेळीपला ती सापडली.
त्यानं कोयता उचलला
आणि तसाच हवेत ठेवला.
"सर," म्हणाला, "हिणें दोळे धांपले."

साप डोळे मिटत नाही. त्याला पापणीच नाही,
मरतानाही तो आपल्याकडे बघत राहतो.
हे पुर्सोला माझ्या पुस्तकाआधीपासून ठाऊक.

मी गुडघ्यांवर बसलो.
वीतभर अंग, तांब्याच्या तारेसारखं,
कानाच्या जागी सुईनं टोचावं तसं भोक,
आणि पाय?
होते. चार.
कण्यांएवढे, पोटाला चिकटलेले,
लग्नकार्य उरकल्यावर
माळ्यावर टाकून दिलेल्या पाटांसारखे.
त्यांच्यावाचून ती वळली,
पाचोळ्याखाली पाणी वळावं तशी.

"सापाची मावशी," पुर्सो म्हणाला.
त्याची आई म्हणायची.
मावशी, म्हणजे नातं आहे, विष नाही.
पुस्तकात सापसुरळी.
तेवढ्यात बाल्कांवावरून बोस्त्यांव भाटकार ओरडला,
"कोब्र द व्हिद्रु!"
काचेचा साप.
लिस्बनला थोरल्या भावाच्या परसात पाहिलेला,
काठी लागताच तुकडे होतात म्हणे,
आणि रात्री ते तुकडे एकमेकांना शोधत येतात.

मी म्हटलं, ते कूळ वेगळं, बोस्त्यांवबाब.
त्यांच्या कुशीला शिवणीसारखी घडी असते,
शेपूट अंगाहून लांब,
आणि लॅटिनमध्ये त्यांचं नावच मुळी 'साप'.
सरड्यांच्या अख्ख्या घराण्याला
शेजाऱ्याचं आडनाव.

बोस्त्यांव काठी टेकत खाली आला, हसत.
"आमचेंय तशेंच."
सात पिढ्यांमागे ते प्रभू होते.
मिनेझिस हे, ज्यानं डोक्यावर पाणी ओतलं त्याचं.
"पूण मिसकूट तेंच," तो म्हणाला,
"आवयच्या आवयचें."

पुर्सो हसला नाही.
कूळ म्हटलं की त्याला
एक-चौदाचा उतारा दिसतो,
कुळाच्या रकान्यात बापाचं नाव,
एक काना जास्त,
त्या एका कान्यापायी केप्याच्या मामलेदाराकडे
सतरा तारखा.
"सर, हिचें नांव खंयच्या रकान्यांत?"

मला उत्तर येत होतं. गण, कुल, प्रजाती,
वर्गात फळ्यावर मी ते तीन ओळींत लिहितो.
इथे जीभ हलेना.

मग बोस्त्यांवच्या काठीचं टोक सरकलं.
मुद्दाम नव्हे. ऐंशी वर्षांचा हात.
शेपूट तुटलं,
आणि तुटलेलं शेपूट नाचू लागलं
सुपारीच्या पोयीवर, टपटप,
आम्ही तिघे, भाटकार, कूळ आणि मास्तर,
मान खाली घालून त्याच्याकडेच बघत राहिलो.
जिचं होतं ती
केव्हाच मातीत शिरली होती.

परतताना वहीत लिहिलं:
रिवण. सकाळी सव्वादहा. ओल भरपूर.
शेपूट, माझ्यासमोर, गेलं.
नाव, आणि पुढे कोरी जागा.

मागे वळून पाहिलं तर पुर्सो
सोडणं होती तशी परत रचत होता,
एकावर एक, फट न ठेवता.
"हांगाच रावता ती," तो कुणाला तरी सांगत होता,
बहुधा बोस्त्यांवला.
"वर्सांनी वर्सां."