खिट्टी

व्होरूच्या बंद पडलेल्या शाळेच्या तळघरातून
चार माणसांनी ते बाहेर काढलं, पाचव्यानं फक्त दार धरलं
आणि शिव्या दिल्या.
बिडाचं धूड, पावणेतीनशे किलो,
दांडा करकोच्याच्या मानेसारखा वर.

तार्तूत फेब्रुवारी. एमायोगी गोठलेली.
आमच्या बांधणीखान्याची फरशी एका कोपऱ्यात खचलेली,
म्हणून विर्वेनं पाणसळ ठेवली,
बुडबुड्याकडे बघत बसली किती वेळ,
मग डाव्या पायाखाली सरकवली
तीन जुनी क्रोन नाणी,
ज्यांना आता पावाचा तुकडाही कुणी देत नाही.
"बघ, कामाला आली,"
म्हणाली, आणि जमिनीत बोल्ट ठोकले.

पातं वेगळं आलं होतं, फळीला बांधून.
तिनं ते फळीसकटच जागेवर नेलं.
मधला बोल्ट आधी, मग डावा, मग उजवा,
थोडा थोडा, आळीपाळीनं.
एकदम आवळलं तर पातं रुसतं
आणि रुसलेलं पातं तिरकं कापतं.

मी तिच्या बोटांकडे बघत होते.
तिला कळलं.
दोन्ही पंजे टेबलावर पसरून म्हणाली, "मोज."
दहा.
"एकोणचाळीस वर्षं. दुसरं सर्टिफिकेट नाही माझ्याकडे."

तेवढ्यात पाना घरंगळला,
मी झेलायला हात घातला सरळ पात्याखालून,
आणि मनगटावर तिची पट्टी बसली, चटकन.
"पडत्या फळाची आज्ञा घे हवी तर, मारिका.
पडत्या लोखंडाची घेऊ नकोस."
पाना पडला. फरशीचा टवका उडाला.
दोघी टवक्याकडे बघत राहिलो.

मग दांडा वर नेऊन तिनं खिट्टी लावली.
टक्.
"हा लागल्याचा आवाज. आता न लागल्याचा ऐक."
काहीच नाही.
"तोच ऐकायचा असतो."

वर्तमानपत्राचं एक पान कापलं,
अर्धं उलटून अर्ध्यावर ठेवलं.
केसाएवढा फरक.
गुण्या लावला, मागची पट्टी पाव आटा फिरवली.
पुन्हा केस.
पुन्हा.
चौथ्यांदा दोन अर्धी एकमेकांत हरवली.
"गठ्ठा ठोकून घे. ढकलायचा तो ठोकळ्यानं.
चाक फिरव, कागद श्वास सोडेपर्यंत.
दोन्ही हात दांड्यावर. तिसरा असेल तर खिशात."

पहिलं काम हेल्दुर तामेचं.
नदीकाठी राहणारा, नदीइतकाच अबोल.
एक्केचाळीस हिवाळे रोज
बर्फाला भोक पाडून त्यानं जाडी मोजलेली,
वह्यांत लिहून ठेवलेली.
शिवून झालं होतं. कडा सारख्या करायच्या होत्या.
मी चाक आवळलं, खिट्टी काढली,
दांड्याला दोन्ही हात घातले.

"थांब."
विर्वे वाकली, वहीच्या कडेशी डोळा नेला.
हेल्दुरनं कागद वाया घालवला नव्हता.
आकडे पार काठापर्यंत आलेले,
१४ मधला ४ अगदी टोकावर लटकलेला.
"हा गेला तर काय उरेल?"
"एक," मी म्हणाले.
"चौदा सेंटिमीटरवर माणूस चालतो," ती म्हणाली,
"एकावर?"

हेल्दुर दाराशी टोपी चुरगाळत होता.
"कापा हो. वाचणारं कोण आहे?"
विर्वेनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
टक्.
चाक सैल केलं,
वह्या तशाच, खडबडीत कडांच्या,
सुतळीनं बांधून त्याच्या हातात दिल्या.
पैसे फक्त शिलाईचे घेतले.
तो बराच वेळ उभा राहिला,
मग म्हणाला, "आज बावन्न आहे,"
आणि गेला, नदीवरून, चालत.

मी वर्तमानपत्राची कात्रणं शेगडीत टाकली.
पात्याचं तेल पुसलं, पाठीकडून धारेकडे.
दिवा घालवला.
दारात विर्वेनं विचारलं, "खिट्टी?"
"लावली."
"ऐकलीस?"

मी परत आत गेले, अंधारात.