नोंदवही

रात्री पावणेतीनला, पायथ्याच्या लाकडी खोक्याशी
बॅटरी दातांत धरून नोंद केली:
नलिनी टिपणीस, इस्टेस पार्क, माणसं एक.
'कुठे जाणार' या रकान्यात नुसतं 'वर' लिहिलं.
'लाँग्ज पीक' लिहून तीनदा परतले होते,
म्हटलं, नाव घेऊन डोंगराला सावध करायला नको.

उजाडलं ते धोंड्यांच्या मैदानात.
एकेक धोंडा टेम्पोएवढा,
आणि एकावर एक मार्मोट, गबदुल, सावकारासारखा बसून
माझ्या काठीचा घामट पट्टा चघळत.
मीठ हवं असतं त्यांना.
चघळ बाबा.

पुढे कड्याच्या पोटातून आडवी वाट.
खडकावर रंगाचे ठिपके, पिवळ्याभोवती लाल.
इथले लोक त्यांना तळलेली अंडी म्हणतात.
मला हळदीकुंकू दिसतं.
कोण सवाष्ण इतक्या उंचावर येऊन
दगडाला बोट लावून गेली?
मला कुणी लावून नऊ वर्षं झाली.

किल्ला असता तर वर काहीतरी असतं:
टाक्यातलं गार पाणी, उलटी पडलेली तोफ,
निदान शेंदूर.
इथे म्हणे एक सपाट माळ. बस्स.
तेवढ्यासाठी चौदा हजार फूट.

अरुंद वळणावर कोल्टन भेटला.
वय एकोणीस, गाव ओमाहा,
जिथे उंच म्हणजे धान्याचं कोठार.
वर जाऊन आला होता, आणि आता
पाठ खडकाला चिकटलेली,
पुढे टाकलेला पाय जणू दुसऱ्याच कुणाचा.
'खाली बघू नको' म्हणायचं नसतं, माणूस खालीच बघतो.
मी म्हटलं, माझ्या बुटांकडे बघ. नाडी कुठल्या रंगाची?
हिरवी, म्हणाला.
मग आकडे. मी मराठीत मोजत पुढे,
तो मागून, अडखळत: सात, आट, नव.
नऊ झाले की मी पुन्हा एकपासून,
ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत.
पश्चिमेला ढग उतू जाणाऱ्या दुधासारखे वर येत होते.
सव्वादहाच वाजले होते.

टोक मागे राहिलं.
वळून बघितलं नाही असं नाही.
दोनदा बघितलं.

खोक्याशी पोचलो तेव्हा गारा.
परतल्याची वेळ: दोन चाळीस.
'माणसं'च्या रकान्यात एकाचे दोन करावेत का,
म्हणून उभी राहिले,
तर पेन गारठलेलं, उठेना.
ओल्या बाकावर बसून कोल्टन विचारत होता,
नऊनंतर काय येतं?