नोप्पी

सहा दिवसांनी नळाला पाणी आलं,
तेही रात्री दोन वाजता.
पिंप भरताना बालमणी येमूल घसरल्या.
वय अडुसष्ट, पत्ता विडी घरकुल,
उजवा पाय आखूड, तळवा बाहेर वळलेला.
एक्स-रेच्या आधीच कळलं होतं, खुबा.

"नोप्पी," त्या म्हणत होत्या. "नोप्पी."
हा शब्द मला कुणी शिकवला नाही,
सोलापुरात कॅज्युअल्टीच्या चार रात्री काढल्या की
आपोआप येतो.

तंबाखूच्या धुळीनं छाती आधीच घरघरणारी,
जास्त गुंगी परवडणार नव्हती.
मौलालीनं लेबर रूममधून मशीन ढकलत आणलं,
एक चाक रुसलेलं,
वर ठळक पाटी:
येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.
जांघेत गार जेली लागली
तशा बाईंनी डोळे उघडले, पाटीकडे पाहिलं.
"या वयात?"
सून पदरात तोंड घालून हसली,
मग हसले म्हणून रडली.

पडद्यावर राखाडी भुरभुर.
त्यात एक काळं वर्तुळ धडधडतंय,
ती धमनी, तिच्यापासून लांब.
स्नायूवर ताणलेली पांढरी रेघ.
सुई तिरकी आत गेली
आणि टोक दिसेना.
मी थांबले.
मनगट केसभर वळवलं तेव्हा कुठं चकाकलं.
औषध रेघेखाली शिरलं, दोन थर सुटले,
भिजवलेलं तेंदूचं पान
पानापासून सुटावं तसे.

"किती वेळ?" सुनेनं विचारलं.
वीस मिनिटं, म्हणाले.
तिनं सासूच्या कानात सांगितलं:
एक कट्टा.

शेजारच्या खाटेवरचं डोकं शिवून परत आले.
लोखंडी दांडीवर आवळलेल्या मुठी
सुटल्या होत्या.
झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठंतरी
अंगठा नि तर्जनी चादरीची कड वळत होत्या,
नखानं तोंड दुमडत होत्या,
बाजूला ठेवून
पुढची उचलत होत्या.

"नोप्पी?"
"लेदु."

हाड मोडलेलंच होतं.
ऑपरेशन परवा, तेही नंबर लागला तर.
रात्रीतून पाणी परत जाणार होतं
आणि पिंप अर्धंच भरलं होतं, हे सून
मला दोनदा म्हणाली.

मौलाली मशीन न्यायला आला,
लेबर रूममध्ये कुणाला तरी कळा लागल्या होत्या.
जेली पुसायची राहिली होती,
ती मी व्हरांड्यात,
त्या रुसलेल्या चाकामागून चालत
पुसली.