नळ येण्याची वेळ

मे महिन्यात मोहननगरात
पाणी येतं पहाटे पावणेपाचला,
आणि प्रभू, तुझी वेळही मी तीच धरलेली.

शास्त्र उघडं. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
स्तोत्राची ओळ डोळ्यांखालून जाते,
कान मात्र न्हाणीत.
आधी नळ खोकतो, मग नुसती हवा सोडतो,
मग कुठे करंगळीएवढी धार.
शामुवेल घोरत असतो, कूलर घरघरत असतो,
स्टेशनाकडून मालगाडी जात असते,
तरी झोपेतही मला तो खोकला ऐकू येतो.

म्हणजे ऐकता येतं मला.

पाळकसाहेबांना हे सांगितलं नाही.
म्हणाले असते, भगिनी, मन एकाग्र करा.
एकाग्रच आहे हो मन,
दोन गुंड, एक ड्रम, कूलरची टाकी
आणि योनाथानच्या आंघोळीवर.

काल बादली लावली
आणि न्हाणीच्याच उंबऱ्याशी, ओल्यात, गुडघे टेकले.
प्रभूची प्रार्थना म्हणताना
‘आज’ या शब्दाशी अडकले.
इतकी वर्षं म्हणते आहे,
त्यात उद्याचा ड्रम कधी नव्हताच.
तिथेच राहिले. किती वेळ, कोण जाणे.

भिंतीपलीकडून खोब्रागडेबाई ओरडल्या,
‘काहून वो, पाणी वाहून रायलं ना बाई!’

खरंच. मोरीतून अंगणात,
अंगणातून गल्लीत,
त्यांच्या कढीपत्त्याच्या आळ्यापर्यंत.

धावत जाऊन नळ बंद केला.
आमेन म्हणायचं राहिलं.
ते अजून राहिलेलंच आहे.