वीज गेली होती

रजिस्टरात एकच ओळ आहे:
अकरा नोव्हेंबर. दुपारी दोन दहा ते दोन पन्नास. वीज नव्हती.
खाली नाझिब्रोलाची सही, गोल अक्षरात,
शाई कुठेही थरथरलेली नाही.

त्या चाळीस मिनिटांत
चियातुराच्या लोखंडी पाळण्यात एकटाच लटकत होता
खाणीचा इंजिनियर झाउरी.
खाली क्विरिला नदी, खाणीच्या मातीने काळी,
आणि वाऱ्याला त्या दिवशी दुसरं काम नव्हतं.
आठवडाभर आधी त्याच्याच पेनाने लिहिलं होतं:
कामगाराचा निष्काळजीपणा.
कामगार म्हणजे तिचा नवरा.

हे मला तिनेच सांगितलं, अक्रोड फोडता फोडता.
मग टरफलं ओंजळीत गोळा करून म्हणाली,
"लिहिलंस, तर वीजच गेली होती हं."

चरित्र लिहायचं तर पुरावा हवा,
आणि पुरावा खोटं बोलतो, सही-शिक्क्यानिशी.
कादंबरी लिहायची
तर सगळे म्हणतील, छान रचलंयस.

नाव बदलून पाहिलं. त्या नावाने हाक मारली
तर पानावरची बाई वळूनच बघेना.
गाव उचलून समुद्रकाठी नेलं,
तर पाळणा टांगायला डोंगर उरेना.
नवऱ्याला नुसता जखमी केला, एका रात्रीपुरता;
सकाळी लाज वाटली, पुन्हा मारला.

झाउरी अजून आहे. शहाऐंशीचा.
पावाच्या रांगेत मला पुढे जाऊ देतो.
घर दुसऱ्या मजल्यावर, पण गॅलरीत पाऊल टाकत नाही;
बायको कपडे वाळत घालते,
तो दाराआड उभा राहून एकेक चिमटा पुढे करतो.
हे चिमटे मी रचलेले नाहीत.
पण ठेवू कुठल्या पुस्तकात?
त्याची नात माझ्या लेकीला गणित शिकवते.

काल शेवटी दोन्ही मसुदे घेऊन गेले.
नाझिब्रोलाने चष्मा न लावताच ते हातांत तोलले,
बाजारात चीजचे गोळे तोलावेत तसे.
खरं कुठलं, खोटं कुठलं, काही विचारलं नाही.
बराच वेळ खिडकीतून वर बघत राहिली,
जिथे आता नुसती तार आहे.

"खाली शाळेची पोरं खोळंबली होती," ती म्हणाली,
"म्हणून दांडा ओढला मी.
तुझ्या गोष्टीत
उतरतो का तो?"