दोन बोटं माया

मार्गशीर्ष लागला की आमच्या शाहूपुरीत
गुऱ्हाळाचा वास येतो, कुठून ते कळत नाही,
आणि नेच्याची पानं कडेनं तांबूस व्हायला लागतात.
कोल्हापूरची थंडी ती केवढी,
स्वेटर शोधेपर्यंत संपते,
पण हवा कोरडी. ओठ फुटतात माणसांचे,
नेचा त्याच्याही आधी.

म्हणून तो दरसाल गॅलरीतून आत यायचा.
उचलायला दोघं लागायची, मी आणि हे.
औंदा ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन.
डॉक्टर म्हणाले, पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही.
मग मी आणि समोरच्या जिन्यातली बिल्कीस अत्तार,
दोघींनी पोतं अंथरलं, कुंडी तिरकी करून त्यावर घेतली
आणि फरफटत नेली न्हाणीत,
तांब्याच्या बंबाशेजारी.

दोन महिने आम्ही त्याच्यासमोर अंघोळी केल्या.
हे म्हणायचे, कोणतरी बघतंय गं.
म्हटलं, त्याला वाफ पाहिजे, तुम्ही नको.
तरी निम्मी पानं गळाली,
रोज मोरीच्या जाळीत अडकायची.
गडहिंग्लजहून नणंद आली, म्हणाली,
फूल नाही, फळ नाही, देवाला वाहता येत नाही,
कशाला पोसलाय हा?
आणि पानांमागचे तपकिरी ठिपके कीड समजून
घासणीनं स्वच्छ धुऊन काढले.
ते त्याचं बी होतं.
पाहुणी, म्हणून मी बोलले नाही.

फाल्गुनात बुडख्यातून कोंब आले,
करड्या लवीचे, गच्च गुंडाळलेले,
दिवस संपल्यावर मी गुंडाळून ठेवते
त्या माझ्या टेपसारखे.
शिंपिणीला तेवढं पुरे.

कुंडी फोडावीच लागली.
बापट कॅम्पातला कुंभार म्हणाला होता, पंधरा वर्षं बघायला नको.
अकराव्यालाच मुळांनी आतून तडा दिलेला.
खापऱ्या गळून पडल्या, गड्डा तसाच उभा,
कुंडी नसलेली कुंडी.
खुंटीवरच्या जुन्या ब्लाउजला
खांद्याचा उतार आठवतो, तसा.

तीस वर्षं कापते आहे मी.
लग्नाचे शालू, मेलेल्या आईच्या साडीचे परकर,
कात्री कधी अडली नाही.
ह्या गड्ड्यावर सुताराची आरी टेकवली
आणि खिशात खडू चाचपडायला लागले.
मातीवर खूण करणार होते!
बिल्कीस हसत सुटली. मग तिनं दोन्ही हातांनी धरला,
मी ओढली आरी. जाड डेनिम फाडावं
तसा आवाज, बराच वेळ.

मधोमध मेलेला होता.
वाळकं, काळं, बोट लावलं की भुगा.
जेवढं म्हणून हिरवं होतं, सगळं कडेला,
जिथं भाजलेली माती टोचत होती तिथं.
आम्ही दोघी उकिडव्या, बघत राहिलो.
बिल्कीस म्हणाली, इतकी वर्षं आपण पाणी मधेच घालत होतो.

नव्या पोरी दुकानात येतात शिकायला,
बरोबर रेघेवर कापतात.
त्यांना पहिलं हेच सांगावं लागतं, रेघेबाहेर माया सोडा,
दोन बोटं तरी,
उद्या अंग भरलं तर उसवून वाढवता यावं.
चार भाग केले मी नेच्याचे.
प्रत्येकाला मुळांची माया दोन बोटं जास्त ठेवली.

एक बिल्कीसनं नेला. एक दुकानात, मशिनच्या मागं.
नणंदेनं तिसरा पिशवीत घातला, फूल-फळ विसरून,
वर बजावलं, एसटीत उभा धरायला लागंल बघ.
चौथा लहान. तो ह्यांनी उचलला,
ऑपरेशननंतर उचललेली पहिली वस्तू,
गॅलरीपर्यंत नेला आणि म्हणाले,
कळशीपेक्षा हलका आहे, डॉक्टरला सांगू नकोस.

मधला तो मेलेला गड्डा
आठ दिवस गच्चीवर वाळवला, मग बंबात घातला.
चांगला पेटला.
एका माणसाच्या अंघोळीचं पाणी तापलं.